एकतीस चुकीची नावं

माझी आत्या जिवाणू सांभाळायची. प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर, पोलादी कपाटांत, सुकवून काचेच्या कुप्यांत बंद केलेले दोन हजार जिवाणू होते. कुणी मागवला की कुपी कापसात गुंडाळून पाठवायची, हे तिचं काम. हुद्दा तंत्रज्ञ. शास्त्रज्ञ वरच्या मजल्यावर बसत.

एकदा पत्र आलं, ‘तुमचा जिवाणू दूध आंबवतच नाही.’

साहेब म्हणाले, “कुपीवर नाव आहे ना? मग झालं तर.”

आत्याला ते पटेना. तिने त्याच जिवाणूची दुसरी कुपी फोडून त्यातली पूड दुधात सोडली. तीन दिवस झाले, दूध जसंच्या तसं. मूळ नोंदीत मात्र ‘एका दिवसात दूध आंबतं’ असं स्वच्छ लिहिलेलं.

“नाव एकाचं आणि आत बसलाय भलताच,” घरी येऊन ती माझ्या बाबांना म्हणाली. “दादा, या नावावर किती जणांनी संशोधन केलं असेल, विचार कर.”

ज्या नमुन्यावरून एखाद्या जिवाणूचं नाव ठरतं, तो त्याचा मूळ नमुना. असे सहाशे चाळीस नमुने तिने रोज तासभर लवकर जाऊन तपासले. दोन वर्षं लागली. एकतीस चुकीचे निघाले. त्यातल्या तीन चिठ्ठ्यांवर तिचंच अक्षर होतं. यादीत तिने त्याच सगळ्यांत वर लिहिल्या.

“स्वतःच्या चुका वर कशाला?” साहेबांनी विचारलं.

“त्या लपवल्या तर बाकीच्या अठ्ठावीसांवर कोण विश्वास ठेवील?”

साहेब बराच वेळ यादी वाचत राहिले. मग जिवाणूंची नावं ठरवणाऱ्या समितीपुढे ते ती यादी घेऊन गेले, आणि आत्यालाही.

“यातल्या किती नावांचे खरे नमुने परत मिळाले?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

“बावीस. दुसऱ्या संग्रहांना पत्रं लिहून मागवले. नऊ कुठेच नाहीत. ती आता नुसती नावं उरलीत.”

“मग तुमचं म्हणणं काय?”

“नावं तुम्हीच ठेवा. पण आधी जिवंत नमुना दोन वेगळ्या संग्रहांत द्यायला लावा. तिथल्या माणसाने तो वाढवून, तपासून, सही केल्याशिवाय नाव छापू नका. एकीकडे घोटाळा झाला तरी दुसरीकडे खरा सापडेल.”

वर्षभर चर्चा झाली, दोघातिघांनी नाकं मुरडली, पण नियम झाला. ‘वाढवून, तपासून, सही करून’ हे तिचे शब्द तसेच राहिले.

पुढे मी हाच विषय घेतला. सरांनी वर्गात तो नियम सांगितला तेव्हा मला राहवलं नाही. “सर, हे वाक्य माझ्या आत्याचं आहे,” मी उभी राहून म्हणाले. माझा आवाज जरा जास्तच मोठा निघाला असावा, कारण अगदी पुढच्या बाकांवरचेसुद्धा वळून बघायला लागले.

सरांनी पुढच्याच आठवड्यात तिला बोलावलं. नियमावर ती दोन मिनिटं बोलली. उरलेला तासभर तिने आम्हाला बोट न कापता कुपी कशी फोडायची ते शिकवलं, आणि आमचे सर पहिल्या बाकावर बसून लिहून घेत होते.