साकोलीचा माइकवाला

माझा तबलजी मित्र डायलिसिससाठी नागपूरला राहायला गेला आणि आमचं एकत्र भजन थांबलं. कॉम्प्युटरवरून ऑनलाइन जमवून पाहिलं, पण माझ्याच पेटीखाली माझा आवाज बुडायचा. मग साकोलीत लग्नांना माइक लावणारा एक माणूस घरी आला. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. वायरीची प्रत्येक पिन तो शर्टाला पुसून लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. त्यानं पेटीला एक, गळ्याला एक माइक दिला आणि दोन्हींचे ट्रॅक वेगळे केले.

मी गायलो. नागपूरहून ठेका आला.

“आता तुहे शब्द आयकू आले गा,” मित्र म्हणाला.

काम संपलं तरी माइकवाला उठेना.

“लग्नात कोणी आयकत नाही, काका. आज मले आयकू द्या.”

त्याचे उपकार कसे फेडावेत कळेना, म्हणून आम्ही तासभर त्याच्यासाठीच वाजवलं.