पाय चेपायचा तास

"खाली बस आणि चेप त्याचे पाय," मास्तर म्हणाले.

भर वर्गात. साठ-बासष्ट सालची गोष्ट. तापीकाठचं आमचं गाव, दहावीचा वर्ग. नेमलेली कादंबरी जुनी, नावाजलेली. तिच्यात एक इनामदार आणि त्याचा म्हातारा गडी. गडी मालकाचे पाय चेपतो, शेवटी मालकासाठी जीव देतो. मास्तरांना प्रसंग करून दाखवायची भारी हौस. पाटलाचा पोरगा इनामदार झाला, थेट मास्तरांच्या खुर्चीत. गडी मी. दुसरं कोण होणार? वर्गात भिलाचं पोर एकच, आणि माझा बाप त्याच पाटलाकडे सालदार.

चेपले. त्याचे बूट काढून चेपले. त्यानं पायाचा अंगठा माझ्या हनुवटीला लावला. पोरं खिदळली. मास्तर म्हणाले, "बघा, कादंबरी खरी कळली ती यालाच!"

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साल ठरतं. बाप वर्षभरासाठी बांधला जातो आणि त्याच्याबरोबर बायको-पोरंही धरलेलीच असतात. वेगळं कुणी विचारत नाही. आई पाटलाचं शेण काढायची, मी शाळेआधी बैलांना पाणी दाखवायचो. गडी करताना मास्तरांनीही मला विचारलं नाही, पाटलाच्या पोराकडे बघून नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचा प्रश्न आला. "या गड्याचा मोठेपणा कशात आहे?" मलाच उठवलं.

मी म्हणालो, "सर, अख्ख्या पुस्तकात तो एकदाही घरी जात नाही. त्याला घर असेल ना? त्याला काय वाटतं ते कुणी लिहिलंच नाही."

मग छडी. हातावर, पोटरीवर, पाठीवर. "भिलड्या, तू मला कादंबरी शिकवतोस?"

संध्याकाळपर्यंत पाटलाच्या कानावर गेलं. त्यानं बापाला आणि मला गोठ्यासमोर उभं केलं. "तुन्हा पोर मास्तरले अक्कल शिकाडी ऱ्हायना," तो बापाला म्हणाला. "उद्या वर्गात मन्हा पोऱ्याना पाय चेपीसन माफी मागाले सांग. नहीं त आखाजीले दुसरा सालदार बघसू."

बाप घरी माझ्याशी भिलीत बोलायचा. तिथं मालकाला समजावं म्हणून अहिराणीत बोलला. "चेप ना रे. पायच शेतस. मी रोज चेपस."

रोज? मला ठाऊकच नव्हतं. बाप उशिरा घरी यायचा, आम्ही समजायचो बैलांची कामं असतील. तो हे हसून सांगत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पाटलाचा राग आला, त्याहून जास्त त्या हसण्याचा आला.

सकाळी पोरगा खुर्चीत बसला, पाय पुढे केले. मास्तर छडी घेऊन शेजारी. मी उभाच राहिलो.

"बस खाली."

"नाही बसणार."

छडी पडत गेली. हात सुजले, कानातून रक्त आलं. बसलो नाही. शेवटी मास्तरच दमले, मला वर्गाबाहेर ढकललं. शाळा तिथं संपली.

आखाजीला बापाला काढलं. आसपासच्या गावांत कुणी ठेवेना, पाटलाचा निरोप आधीच पोचलेला असायचा. आई मला शिव्या द्यायची. पाठीवर वळ असलेल्या पोराला आईनं शिव्या द्याव्यात, एवढं करून ठेवलं होतं त्यांनी! आम्ही भाकरीऐवजी अंबाडीची भाजी उकडून खाल्ली.

मग पाटलाचा माणूस आला. म्हातारा नको, म्हणाला, धाकटा पोरगा द्या, मालक मोठ्या मनाचे आहेत. माझा धाकटा भाऊ बारा वर्षांचा. बाप आत गेला आणि धाकट्याचे कपडे गाठोड्यात बांधू लागला.

मी दारात आडवा झालो. बापानं कानफाटात मारली. हललो नाही. बापाच्या हातातलं गाठोडं हिसकून घेतलं आणि त्या माणसाला म्हणालो, "जाऊन सांग मालकाला. या घरातलं माणूस आता सालावर मिळणार नाही. हा नाही, मी नाही, आमची पोरंही नाहीत. आम्ही उपाशी मरू, ते आमचं आम्ही बघू."