पेलाभर दूध

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. देवापुढं हात जोडते, तिथंही जीभ रेटत नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच.

माझं माहेर सोनईकडचं, माळकरी. घरात मासा कधी शिजला नाही. लग्न होऊन आले ती राजूरच्या पुढं, भंडारदऱ्याच्या बाजूला, आणि इथं तर धरणातला मासा म्हणजे जीव की प्राण. सासूबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "ही काय रांधनार? हिला वाससुदिक सोसंना." शिकले मी, नाक दाबून शिकले. पण घरात काही बिघडलं की बोट माझ्याकडंच. धाकटी नणंद कविता तेवढी माझ्या बाजूची. नुकतीच कॉलेजला जाऊ लागलेली, तोंडाळ, सदा खिदळणारी. माझ्या ताटातला मासा गुपचूप उचलून खायची आणि मला सोडवायची.

मग तिच्या ओठाच्या कडेला पांढरा ठिपका आला. सासूबाईंनी तिला उजेडात नेऊन बघितलं आणि कपाळावर हात मारला. कोड! आणि लगेच माझ्याकडं वळून — "काय घातलंस गं माझ्या पोरीला खायला?"

आता बघा — मी काय बोलू शकले असते? मला माहीत नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. फार तर शिव्या खाल्ल्या असत्या. त्या काय मला नवीन होत्या? पण मी... कसं सांगू... मी म्हणाले, "माशावर दूध प्याली ती. मागच्या दारात बसून, पेलाभर. मी बघितलं."

खोटं. साफ खोटं. माशावर दूध प्यालं की कोड फुटतं, हे मला सासूबाईंनीच सांगितलेलं. तेच मी त्यांना परत दिलं — आणि काय चपखल बसलं म्हणून सांगू! सगळं घर तिच्यावर तुटून पडलं. "न्हाई प्याले गं, देवाशप्पथ न्हाई," ती रडत होती आणि माझ्याकडं बघत होती. मी भाकरी थापत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून पथ्य. मीठ बंद, आंबट बंद, दूध-दही, मासे, अंडी बंद, शेंगदाण्याचा कूटही बंद. आपल्याकडं कूट काढून घेतला तर ताटात उरतं काय हो? कोरडी भाकरी आणि अळणी मूग. ते वाढायचं काम माझं.

संगमनेरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं तिला मीच घेऊन गेले. त्या स्पष्ट म्हणाल्या — हा डाग खाण्यानं आलेला नाही आणि पथ्यानं जाणार नाही. मलम लावा, पोरीला पोटभर खाऊ घाला. येताना एसटीत कविता माझ्या खांद्याला चिकटून बसली. "वैनी, तुमी सांगा ना घरी. तुमाला चुकून दिसलं आसंल, मी काय तुमच्यावर रागावले न्हाई." ऐकलंत? रागावली नव्हती! मी हो म्हणाले. आणि घरी येऊन काय सांगितलं? "शहरातल्या डॉक्टरला माशा-दुधाचं काय कळतंय." डॉक्टर खऱ्या ठरल्या असत्या तर मी खोटी पडले असते ना. त्या दिवशी सासूबाई पहिल्यांदा माझ्यावर खूश झाल्या. मलमाची ट्यूब कोनाड्यात वाळून गेली.

डाग थांबला नाही. हनुवटीवर उतरला, बोटांवर आला. आणि उरलेली धड कातडी पथ्यानं गेली. ओठांचे कोपरे चिरले, टाचा फाटल्या, केस मूठमूठ गळायला लागले, अंगात रक्त म्हणून राहिलं नाही. कॉलेज सुटलं. स्थळं येऊन परत गेली, मग यायचीच थांबली. पुढं सासूबाई वारल्या. आता तरी मी बोलू शकत होते, नाही का? कोण होतं अडवायला? नाही बोलले. लाज नव्हती असं नाही, पण भीती तिच्याहून मोठी होती.

कविता आमच्याकडंच राहते. आधी मुकाट असायची. मग कधीतरी म्हणू लागली, "तवा माझंच चुकलं." मी ऐकून घेतलं.

परवा माझी मुलगी मासे-भाकरी खाऊन उठली आणि दूध प्यायला घेतलं. रस्सा कवितानंच रांधला होता — ती अजून पथ्यावरच, मीठ बरोबर आहे का ते नेहमी दुसऱ्याला विचारते. ती धावत आली, पेला पोरीच्या हातातून काढून घेतला. "नको गं बाई! मी प्याले हुते. कोमट हुतं, वर साय हुती, लई ग्वाड लागलं. तेवढ्यापायी बघ माझं काय झालं."

पोरगी शिकलेली. तिनं विचारलं, "आई, खरंच असं होतं?"

दोघीही माझ्याकडं बघत होत्या.

"आत्याचं ऐक," मी म्हणाले.