शेवटच्या गेमचं तोरण

झेंडूचा वास आला की घोडबंदर रोडवरची आमची मोबाइल गेमची कंपनी आठवते. नवा गेम बाजारात यायचा त्या सकाळी साहेब स्वतः दाराला झेंडूचं तोरण बांधायचे. पहिला गेम तुफान चालला, तीन मजले घेतले. पुढचे सगळे आपटले, एकच मजला उरला. शेवटच्या गेमसाठी आम्ही रविवारसकट राबलो. तोरण लागलं आणि साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "गेम नाही काढत. कंपनी बंद करतोय." चहावाल्या मावशींनी विचारलं, "मग तोरण उतरवू?" "राहू द्या. पोरं आज दिवसाउजेडी घरी जातील." ठाकुर्लीला घरी पोचलो तर दारातच आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाहीये का रे?" "कंपनी बंद पडली." "सुटलास बाबा!" तिने पान वाढेपर्यंत मी झोपलेलो. अजूनही घरात झेंडू आला की मला जांभई येते.