फुलांचं पाणी औषध नसतं

बसमध्ये कंडक्टर असलेल्या बाईला नेमकं लघवीचंच दुखणं जडावं, यापेक्षा वाईट थट्टा दुसरी नाही. चंद्रपूरहून गाडी निघाली की मूल, सावली आणि मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली. या रस्त्यावर कुठं आडोसा आहे, कुठल्या ढाब्यामागच्या संडासाला आतून कडी लागते आणि कुठल्या स्टँडवर नाकाला पदर लावूनही आत जाववत नाही, हे मला तोंडपाठ होतं. एकदा लोहाऱ्याच्या पुढं, ऐन जंगलात, मी गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, इथी उतरसान त वाघ नेईन तुमाले." मी म्हटलं, "वाघाले म्हना, थांब जरा, माह्यं होऊ दे." सगळी गाडी हसली. मीही हसले. उतरून झुडपामागं बसले तेव्हा डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कुणाला दिसलं नाही.

हे दुखणं असं, की ओटीपोटात लघवी जरा साठली की आत निखारे ठेवल्यासारखी आग होते. जाऊन आलं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा तेच. मूतखडा नाही, जंतू नाहीत. सावलीच्या डॉक्टरानं गोळ्या दिल्या, चंद्रपूरच्या डॉक्टरानं त्याच गोळ्या महाग करून दिल्या. दर वेळी रिपोर्ट नॉर्मल. या एका शब्दाचा मला इतका राग यायचा की कुणी सहज "सब नॉर्मल?" विचारलं तरी मी फाडून खायची. एका डॉक्टरानं मनाचा आजार म्हणून सांगितलं. नवऱ्यानं ते लगेच मान्य केलं. त्याला शेजारी झोपलेली बायको सारखी उठणारी नको होती आणि जवळ घेतल्यावर कळवळणारी तर नकोच होती. मी आईकडं आले, सावलीजवळच्या आमच्या गावी, आणि तिथूनच ड्युटीला जाऊ लागले. काही महिन्यांनी डेपोनं मला गाडीवरून काढून चौकशीच्या खिडकीत बसवलं. त्यांची चूक नव्हती. पण खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांच्या वेळा सांगायच्या, हे माझ्यासारख्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शेवटी नागपूरच्या एका डॉक्टरनं दुर्बिणीतून आत बघितलं आणि सांगितलं, की मूत्राशयाचं आतलं अस्तर सोलवटलंय, हे दुखणं खरं आहे, पण याच्यावर हमखास औषध नाही. मी त्याच्यासमोर हमसून हमसून रडले. औषध नाही म्हणून नव्हे. खरं आहे, असं कुणीतरी म्हटलं म्हणून.

त्यानंच एका नव्या गोळीबद्दल सांगितलं. तिची चाचणी सुरू होती. काही जणांना औषधाची गोळी आणि काही जणांना अगदी तशीच दिसणारी, पण आत काहीच नसलेली. कुणाला कोणती, हे आम्हालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. म्हणजे मशीनमधून कधी छापलेलं तिकीट निघणार, कधी कोरं, आणि कंडक्टरलाच पत्ता नाही. मला गंमत वाटली. तिथल्या सिस्टरनं अटी समजावून सांगितल्या. या काळात दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही, काढा नाही, जडीबुटी नाही. आणि जे शेवटपर्यंत टिकतील, त्यांना पुढं वर्षभर खरी गोळी फुकट मिळणार. ते ऐकल्यावर मी मनाशी पक्कं केलं, की आकाश कोसळलं तरी शेवटपर्यंत टिकायचं. घरी येऊन आईलाही बजावलं, "मले काही औषध देऊ नको. कोनाचं आनू नको." आई म्हणाली, "नाई देत, बाई."

काही आठवड्यांत फरक पडू लागला. आधी माझा विश्वास बसेना. मी स्वतःचीच परीक्षा घ्यायची. खिडकीतून उठायचं नाही, असं ठरवून बसायची, आणि खरंच बसता यायचं. मग एका सुट्टीच्या दिवशी मी गडचिरोलीहून चामोर्शीच्या गाडीत चढले. काही काम नव्हतं. बाजाराचा दिवस, गाडी खच्चून भरलेली, मी दांड्याला धरून उभी. एकदाही उतरले नाही. चामोर्शीच्या स्टँडवर वडे घेतले आणि तळलेल्या मिरचीसकट खाल्ले. मिरची म्हणजे माझ्या पोटाला विषच होतं इतकी वर्षं. खाऊन वाट बघत बसले, आता उठेल, आता उठेल. काही उठलं नाही. मी इतकी खूश झाले की शेजारच्या अनोळखी म्हातारीला वडे घेऊन दिले. डेपोत जाऊन साहेबांना सांगितलं, मला गाडीवर घ्या. ते म्हणाले, उपचार पूर्ण होऊ द्या, मग बघू.

आता आईचं सांगते. आमच्याकडं फागुनात पळस फुलला की बाया फुलं गोळा करतात, सावलीत वाळवतात आणि उन्हाळाभर पाण्यात भिजवतात. त्या पाण्यानं पोरांना आंघोळ घालतात म्हणजे ऊन बाधत नाही. लघवी अडली, जळजळ झाली, तर तीच भिजवलेली फुलं फडक्यात बांधून ओटीपोटावर ठेवतात. मी नवऱ्याच्या घरून आले तेव्हा आईनं पहिल्याच दिवशी ती पोटीस केली होती. मी वैतागलेली होते, ती उचलून अंगणात फेकली होती. आईनं फुलं गोळा करून पुन्हा धुतली. भांडायचा तिचा स्वभावच नाही. सकाळ-संध्याकाळ बुद्धवंदना म्हणते, पाचही शीलं एका संथ आवाजात म्हणते, आणि म्हटल्याप्रमाणं वागते. असं वागणारी माणसं घरात असली की फार जड जातं.

चाचणी संपायला दोनच भेटी उरल्या होत्या. त्यातल्या पहिलीला नागपूरला निघताना आई म्हणाली, मलाही यायचंय. जिथं माझी पोरगी बरी झाली ते ठिकाण मला बघायचंय. सिस्टरसाठी तिनं घरचा तांदूळ पिशवीत भरून घेतला. सिस्टर तरुण होती, बोलायला मऊ. नेहमीसारखे प्रश्न विचारत गेली. दुखणं दहापैकी किती? मी म्हटलं, दोन. लघवीला किती वेळा? सांगितलं. दुसरं काही औषध, काढा, जडीबुटी घेतली का? मी म्हटलं, नाही.

आई बाजूच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. हसून म्हणाली, "औषध नाई हो बाई. फक्त फुलाचं पानी."

सिस्टरचा हात थांबला. "कसलं फूल, आजी?"

"पळसाचं. हे पोरगी लय रागीट आहे, देल्लं त घेत नाई. म्हनून मी वरनात टाकतो. वरन पिवळंच असते, तिले का समजते?"

मी आईच्या पायावर पाय दाबला. जोरात दाबला. तिला वाटलं, चुकून लागला. ती पाय बाजूला घेऊन पुढं सांगू लागली, की रोज टाकते, एक दिवसही चुकवला नाही.

"सिस्टर," मी म्हटलं, "तुम्ही हे ऐकलंच नाही असं समजा ना."

सिस्टर माझ्याकडं बघू शकली नाही. आई मात्र माझ्याकडं बघत राहिली. "काऊन वं? खोटं काऊन सांगाचं? चांगलंच केलं ना मी. आन थे औषध थोडीच आहे. फुलाचं पानी आहे थे."

डॉक्टर आला. वाईट माणूस नव्हता, हे मी आज म्हणू शकते. तेव्हा मी त्याला वाट्टेल ते बोलले. तो म्हणाला, "त्या पाण्यानं काहीच झालं नसेल. पण काहीच झालं नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. तुम्ही बऱ्या झालात त्या कशानं, हे आता आम्हाला सांगता येणार नाही." मी ओरडले, की मला कळून काय करायचंय, मला गोळी पाहिजे. उरलेल्या गोळ्या त्यांनी तिथंच परत घेतल्या. चाचणीतून माझं नाव कमी झालं. पुढच्या वर्षभराच्या गोळ्याही गेल्या. आईनं तांदळाची पिशवी टेबलावर ठेवली होती, सिस्टरनं ती उचलून परत तिच्या हातात दिली. तिथं काही घेता येत नाही, असा नियम होता.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. झालं काय, हे तिला हळूहळू कळत गेलं असावं. मूलचा स्टँड मागं पडल्यावर तिनं विचारलं, "माह्यानं झालं का वं?"

मला तिचा इतका राग आला होता की तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, सांगता येत नाही. सावली येईपर्यंत मी समोरच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनकडं बघत बसले. ती बिचारी पिशवी सांभाळत बसली.

त्या दिवसापासून आईनं फुलं बंद केली. उरलेली वाळकी फुलं तिनं उकिरड्यावर टाकली. महिनाभरात माझी आग परत आली, आणि आली ती जास्तच होऊन, कारण मधल्या काळात मी सुखाला सोकावले होते. गाडीवर जायचा अर्ज मी स्वतःच मागं घेतला. आई वाळत गेली. वंदना सोडली नाही तिनं, पण खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की तिचा आवाज बसायचा, आणि पाचव्याला पुन्हा यायचा. मी न्हाणीत जायला उठले की ती चुलीपाशी मान खाली घालायची. मी उठणं म्हणजे तिला चापट मारल्यासारखं झालं होतं. आणि मला दिवसभर उठावंच लागायचं. एकदा म्हणाली, "खरं बोललो त हे झालं." पुढच्या फागुनात गावाबाहेर सगळा पळस पेटला, पण आईनं त्या वाटेनं जाणंच टाकलं.

त्याच दिवसांत सिस्टरचा फोन आला. अभ्यास संपला होता, कुणाला काय दिलं ते आता सांगता येत होतं. मी खिडकीत बसले होते, समोर जिवतीच्या गाडीची वेळ विचारणारा माणूस उभा होता. सिस्टर म्हणाली, "ताई, तुम्हाला खरं औषध होतं." मी विचारलं, ते दुकानात कधी मिळेल? ती म्हणाली, काही सांगता येत नाही, अजून बऱ्याच परवानग्या आहेत, वर्षं लागतील, कदाचित येणारही नाही. मी फोन ठेवला आणि त्या माणसाला चुकीची वेळ सांगितली.

घरी जाताना ठरवलं होतं, आईला सांगून टाकायचं. मी काही मनाची मोठी नाही. जे माझं गेलं ते तिनं घालवलं, हे तिला एकदा नीट कळावं, असं मला वाटत होतं. घरी आले तर ती दारातच बसलेली. फोनचं तिला शेजारच्या पोरीकडून कळलं होतं, कारण घरचा म्हणून मी शेजारचाच नंबर दिला होता आणि सिस्टरनं आधी तोच लावला होता.

"काय म्हने थे बाई?"

मी चप्पल काढत होते. मान वर केली तर तिचा चेहरा दिसला. गळ्याची हाडं वर आलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी बसलेली.

"खाली गोळी होती, आई," मी म्हटलं. "मले औषध भेटलंच नोतं."

तिनं हात गुडघ्यांवरून काढले. मग म्हणाली, "मंग तुले आराम कशानं होता?"

याचं एकच उत्तर उरलं होतं. "तुह्या फुलानं," मी म्हटलं.

आई रडली. मग उठली, टोपली घेतली आणि उन्हातच गावाबाहेर गेली. संध्याकाळी टोपली भरून आली. तिनं अख्ख्या ओसरीत फुलं पसरली. बाजूच्या बाईला हाक मारून सांगितलं, की पोरीले फुलानंच आराम होता. त्या संध्याकाळी चौथं शील तिनं मोठ्यानं म्हटलं. मी आत बसून ऐकत होते.

आता वरणात लपवायची गरज नाही. रोज सकाळी ती पेलाभर पिवळं पाणी आणते आणि मी पिईपर्यंत समोर बसते. पिऊन झालं की विचारते, "आता नाई दुखत ना?"

"नाई," मी म्हणते.

आई पेला घेते, पण लगेच उठत नाही. तिला माझ्याकडं बघत बसायला आवडतं. आग खालून वर येत असते. लगेच उठले तर तिला कळेल. म्हणून मी तिच्याशी गप्पा मारते, भात कसा झाला, कोण आलं, कोण गेलं, आणि मांड्या आवळून बसून राहते. ती पेला विसळायला गेली की मगच उठते.