लोर्नाचं लोहचुंबक

लोर्ना पार्डीच्या गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं लोहचुंबक असायचं. इडाहोतल्या त्या माळावरच्या नेमबाजीच्या मैदानात शिरणाऱ्याने आधी तिच्या टेबलावर गोळ्या ठेवायच्या. आत शिसं, वर तांबं अशी गोळी चुंबकाला दाद देत नाही. पोलादाची असली की चिकटते. शिसं निशाणाच्या लोखंडी पाटीवर आपटून चपटं होतं. पोलाद पाटीला खड्डा पाडतं आणि मग तुकडे उलटे माणसांवर येतात.

असाच एक तुकडा तिच्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या, डाव्या डोळ्यात घुसला होता. गोळी झाडली होती मर्विन टॅलीने. ऑरिन 'अपघात' म्हणून गप्प बसला, वर मर्विनबरोबर मासे धरायलाही जात राहिला. लोर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती पुन्हा काही उतरली नाही. चुंबक घेऊन ती फाटकावर बसली ती त्या वर्षापासून.

पण मैदानाच्या जुन्या सभासदांचं गोळ्यांचं खोकं कुणी उघडायचं नाही, तो त्यांचा अपमान, अशी तिथली रीत. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे ती आंधळेपणाची आई होती.

वार्षिक स्पर्धेच्या सकाळी माणसं पोराबाळांसकट बाकांवर बसली होती, मक्याची कणसं भाजत होती. मर्विन खोकं काखोटीला मारून टेबलावरून सरळ पुढे निघाला.

"खोकं इथं ठेव," लोर्ना म्हणाली.

"माझं? अगं बाई, हे मैदान मी उभं केलंय! तू तेव्हा शाळेची बस हाकत होतीस."

"आणि माझ्या नवऱ्याचा डोळाही तूच फोडलास. ठेव."

मर्विनने खोकं टेबलावर आदळलं. लोर्नाने चुंबक लावलं, गोळी खट्‌कन चिकटली.

"वरचं वेष्टन तेवढं लोखंडी असतं, आत शिसंच आहे!"

"आत काय आहे बघायला मी गोळीच्या पोटात शिरत नाही. चिकटली ना? मग चालता हो."

मर्विन लालबुंद झाला. "ऑरिन! आवर हिला! आणि सांग एकदाचं, त्या दिवशी गोळ्या कुणाच्या होत्या!"

ऑरिनने हातातलं कणीस खाली ठेवलं. "माझ्या," तो म्हणाला. "लष्कराच्या जुन्या साठ्यातल्या. स्वस्त पडल्या. मीच त्याला दिल्या होत्या."

"आणि इतकी वर्षं मला ह्याच्या नावानं बोटं मोडू दिलीस?"

"नाहीतर तुझा राग घरात आला असता."

मर्विनची माफी मागायला हवी हे लोर्नाला कळलं, आणि त्याचाच तिला संताप आला. दुसरीही गोष्ट कळली. साऱ्या गावाच्या गोळ्या तिने तपासल्या होत्या, ऑरिनच्या कधीच नाही. आपला तो बाब्या! आज सकाळी त्याचं खोकं तिच्याच गाडीतून, तिच्याच मांडीवरून आत आलं होतं.

"गाडीतलं तुझं खोकं आण," ती म्हणाली.

ऑरिन जागचा हलला नाही. एकुलता डोळा जमिनीकडे. "त्या... मर्विनच्या खोक्यातल्यासारख्याच आहेत. आम्ही मिळून घेतल्या."

कुणीतरी हसलं. लोर्नाने त्याच्याकडे अशी नजर टाकली की हसू तिथेच विझलं. तिने गळ्यातली नाडी काढली आणि चुंबक ऑरिनच्या तळहातावर आदळलं.

"बस या खुर्चीत. आज सगळ्यांच्या गोळ्या तू तपासायच्या. सुरुवात आपल्या खोक्यापासून कर."