अळंबी बरी की मुनिया

रानात वारुळावर उगवलेली अळंबी दिसली की आमच्या मुनियाबाई तिची हिरव्या मुनियेशी तुलना करायला बसत, आणि दरवेळी अळंबीलाच जिंकवत. "मुनियेला पिंजऱ्यात कोंबतात, अळंबीला कढईत. पण अळंबी तोडली तरी खाली मातीत तिचा जीव राहतो. मुनिया पकडून नेली की गेलीच. मग बरी कोण?" मी म्हणायचो, "जी खाता येते ती." बाई माझ्याकडे नापास पोराकडे बघावं तसं बघत.

शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई नानाखेड्याला आमच्याच गल्लीत राहायच्या. सारा जन्म मुनिया या चिमणीहून लहान, दिवसेंदिवस कमी होत चाललेल्या पाखरामागे घालवला, म्हणून हे नाव. पुढे कान गेले. बारीक आवाज आधी गेले, मुनियेचा तर सर्वांत आधी. तेव्हापासून अळंबी. "ती बोलतच नाही, ऐकायचं टेन्शनच खतम," म्हणायच्या. पण मुनिया एकदा परत ऐकायची, हे मनातून जाईना. कानाला मशीन लावून पाहिलं. त्यात बसस्टँड तेवढा छान ऐकू आला.

मग कान म्हणून त्यांनी मला निवडलं. भजनी मंडळाने ज्याच्या हातातून झांजही काढून घेतली, त्या मला. कारण उघड होतं, स्कूटर माझ्याकडे होती. मी रातकिड्याला मुनिया म्हणालो, कुणाच्या सायकलच्या ब्रेकलाही म्हणालो. बाई दरवेळी इमानाने दुर्बीण लावत आणि शेवटी म्हणत, "अरे, तुझ्यापेक्षा माझे कान बरे. खामखा झूठ तरी नाही बोलत."

एका श्रावणात आम्ही सागाच्या रानात गेलो. बाई वारुळाशी वाकून अळंबी बघत होत्या, आणि मागच्या झुडपावर हिरवा थवा उतरला. लाल चोची, कुशीवर पट्टे. या खेपेला खरंच मुनिया. मी बाईंचा खांदा हलवला. त्या वळल्या आणि बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "बोलताहेत का रे?"

"हो."

"कशा?"

मी ओठांचा चंबू केला. त्यातून जे काही निघालं, त्याने थवाच्या थवा उडाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र माझ्या तोंडाकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "बस्स," म्हणाल्या, "ऐकली मी."

त्याच हिवाळ्यात बाई गेल्या. त्यांची फार आठवण येते. मुनिया आता मला पहिल्याच आवाजाला ओळखू येते, आणि माझा हात अजूनही शेजारी खांदा शोधतो.